पोट लगीनसराईवर, नाव चातुर्मासात

'नीट'चा निकाल लागला की लातूरच्या वर्तमानपत्रांत पानंच्या पानं चेहऱ्यांनी भरतात. पासपोर्ट आकाराचे, पांढऱ्या नाहीतर निळ्या पडद्यापुढचे, खाली मिळालेले गुण. त्याच अंकात आत 'भावपूर्ण श्रद्धांजली'चे चेहरे. पेपर मिटून बाहेर पडावं तर चौकातल्या फ्लेक्सवर साहेब, दादा, भाऊ आणि त्यांच्या खाली शुभेच्छुकांची रांग. नांदेडला यापेक्षा वेगळं काही दिसत नाही. ज्या दोन जिल्ह्यांत पोरानं 'मला फोटोग्राफर व्हायचंय' म्हटलं की घरात सुतक आल्यासारखं होतं, तिथंच माणसांचे फोटो असे ढिगानं छापले जातात. फक्त तो फोटो कुणी काढला हे कुठंच लिहिलेलं नसतं.

पालकांचा प्रश्न ठरलेला. अकरावीला सायन्स दिलं, क्लासची फी भरली, लातूरला खोली करून दिली आणि आता हा म्हणतो फोटोग्राफी; यात पोट भरतं का? मुलाचा प्रश्न वेगळाच: माझा फोटो मासिकात कधी छापून येईल? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. गोंधळ होतो तो दोघंही एकाच उत्तराची वाट बघतात म्हणून. मुलाला वाटतं, एकदा छापून आलं की कामं आपोआप येतील. वडिलांना वाटतं, छापून येऊन चार पैसे मिळत नसतील तर ते करायचंच कशाला. फ्रीलान्स पोर्ट्रेट फोटोग्राफरची खाती दोन असतात, एक ऑर्डरचं आणि एक नावाचं. पहिल्यात पैसे जमा होतात, दुसऱ्यात ओळख. दुसऱ्यातलं पहिल्यात वळतं व्हायला काही वर्षं जातात, आणि तोवर दोन्ही चालू ठेवावी लागतात. ज्यानं फक्त पहिलं चालवलं तो चाळिशीत कंटाळतो. ज्यानं फक्त दुसरं चालवलं त्याचा कॅमेरा दोन वर्षांत ओएलएक्सवर दिसतो.

ऑर्डरचं खातं

ऑर्डर म्हटलं की लग्नच डोळ्यांपुढं येतं, आणि ते बरोबरच आहे. नांदेड-लातूरमध्ये या धंद्यातल्या बहुतेकांची चूल लग्नांवर पेटते. पण चेहऱ्याचं काम लग्न ठरायच्या आधीच सुरू होतं. स्थळाच्या बायोडेटाला लावायचा फोटो हे आपल्याकडचं सगळ्यात जुनं पोर्ट्रेटचं काम. त्याशिवाय बघा: नांदेडच्या डॉक्टर्स लेनमधल्या दवाखान्यांना बोर्डासाठी आणि वेबसाइटसाठी डॉक्टरांचे फोटो लागतात. क्लासवाल्यांना शिक्षकांचे लागतात. नव्या कवीला संग्रहाच्या मलपृष्ठासाठी एक फोटो हवा असतो आणि तो मोबाइलवरचा सेल्फी कापून पाठवतो. तालमीतल्या पैलवानाला, शास्त्रीय गाणाऱ्या मुलीला, लावणीच्या पार्टीला, संस्थांच्या वार्षिक अहवालांना, सगळ्यांना चेहरे लागतात. निवडणूक आली की इच्छुकांना एका बैठकीत हात जोडलेला, हात उंचावलेला, चालत येणारा आणि मोबाइलवर बोलणारा असे चार तरी फोटो हवे असतात. मोबाइलवर बोलणारा नेता ही पोझ मराठवाड्यात इतकी लाडकी का आहे, हे मला आजवर कळलेलं नाही. पण ऑर्डर आहे, पैसे रोख मिळतात, घ्यावेत.

एक काम मात्र कुणी मागत नाही, कारण कुणी देऊच करत नाही. घरातलं म्हातारं माणूस गेलं की फोटोची शोधाशोध सुरू होते. सापडतो तो आधार कार्डावरचा, नाहीतर पुतण्याच्या लग्नातला, खांद्यावर कुणाचा तरी हात असलेला. मग दुकानात बसून तो हात पुसतात, मागं निळं आकाश भरतात, अंगात कोट चढवतात. जन्मभर धोतर-नेहरू शर्टात वावरलेले आजोबा टाय लावून भिंतीवर जातात. हे टाळता येतं. एकसष्टी, पंचाहत्तरी, सहस्रचंद्रदर्शन हे सोहळे आपल्याकडं थाटात होतात, शेकडो फोटो निघतात आणि त्या शेकड्यांत आजोबांचा एकट्याचा धड एकही नसतो. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी घरी जाऊन, ओसरीवर, त्यांच्या रोजच्या कपड्यांत अर्धा तास काढणारा फोटोग्राफर त्या घरचा कायमचा होतो.

ओसरी म्हटलं ते उगाच नाही. दुपारी बारा वाजता लातूरच्या उन्हात पांढरा पटका बांधलेल्या सावळ्या माणसाचा फोटो काढून बघा. कॅमेरा पांढऱ्याला घाबरतो आणि चेहरा काळा करतो. चेहरा उजळला तर पटक्याच्या घड्या नाहीशा होऊन नुसता पांढरा गोळा उरतो. कपाळाची सावली डोळ्यांच्या खोबणीत पडते आणि डोळे हरवतात ते वेगळंच. तोच माणूस दहा पावलं आत, ओसरीच्या कडेला, अंगणाकडं तोंड करून बसवला की अंगणातल्या मातीवरून उसळलेला उजेड खालून चेहऱ्यावर येतो, डोळ्यांत उजेडाचा ठिपका दिसतो, पटक्याची घडी न् घडी मोजता येते. यासाठी महागडा लाइट लागत नाही. एक माणूस दहा मिनिटं गप्पांत गुंतवता आला पाहिजे, ते बहुतेकांना जमत नाही.

'सगळ्यांच्या हातात मोबाइल आहे, आता तर एआय आहे, फोटोग्राफर लागणार कुणाला?' या प्रश्नावर खोटा दिलासा देण्यात अर्थ नाही. पासपोर्ट फोटोचं काम गेल्यात जमा आहे. फ्लेक्सवरचे कपडे आणि पार्श्वभूमी आताच संगणक बदलतो. जे काम यंत्रापुढं कुणालाही बसवून होतं, ते यंत्राकडं जाणार. ज्यात घरात शिरावं लागतं, सुनेला आणि सासूला एका चौकटीत बसवून दोघींच्या कपाळावरची आठी घालवावी लागते, ते इतक्यात कुठं जात नाही.

सीझन आणि सोयाबीन

पालकांनी समजून घ्यायची खरी गोष्ट फोटोग्राफी नसून पंचांग आहे. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त निघतात, पौषात खंड पडतो, माघ-फाल्गुनात पुन्हा सुरुवात आणि चैत्र ते ज्येष्ठ नुसती धावपळ. आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की मुहूर्त थांबतात. अधिक महिना आला तर आणखी एक महिना कोरडा. २०२६ सालचा अधिक मास ज्येष्ठात, म्हणजे ऐन सीझनमध्ये. तेव्हा या धंद्यात महिन्याची कमाई विचारू नये, वर्षाची विचारावी. एप्रिल-मेचा गल्ला बघून मोटारसायकलचा हप्ता काढणारा मुलगा ऑगस्टमध्ये वडिलांपुढं उभा राहतो.

दुसरी गोष्ट बाजार समितीची. लातूर ही सोयाबीनची आणि तुरीची मोठी पेठ. दसऱ्या-दिवाळीला माल येतो, भाव निघतो आणि त्या भावावर पुढच्या लग्नांचं बजेट ठरतं. भाव पडला की लग्न मोडत नाही. आधी ड्रोन रद्द होतो, मग प्री-वेडिंग, मग अल्बमची पानं कमी होतात. ज्याच्या सगळ्या ऑर्डरी शेतकरी कुटुंबांतल्या आहेत त्यानं दवाखाने, शाळा, संस्था अशी काही पगारी गिऱ्हाइकं जोडून ठेवावीत. आणि व्यवहार: बुकिंगला इसार, कार्याच्या दिवशी मोठा हिस्सा, अल्बम हातात देण्याआधी उरलेले. 'अल्बम न्यायला आलो की देतो' या वाक्यावर या धंद्यात अनेकांचे पैसे बुडाले आहेत. अल्बम कपाटात पडून राहतो, लग्नाला वर्ष होतं, बारशाची ऑर्डर दुसऱ्याला जाते.

आता नावाच्या खात्याकडं वळू, कारण मुलांचा जीव तिथं अडकलेला असतो.

चातुर्मासात ऑर्डरी नसतात. नेमक्या त्याच दिवसांत मराठीतले दिवाळी अंक आकाराला येत असतात. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन'नं १९०९ मध्ये दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही परंपरा अखंड चालू आहे आणि आजही दरवर्षी शेकडो अंक निघतात. त्यांची जुळवाजुळव पावसाळ्यात होते. गणपती येईस्तोवर बऱ्याच अंकांची पानं ठरलेली असतात. म्हणजे ज्या काळात आपल्याकडचा फोटोग्राफर दुकानात माशा मारत बसतो, त्याच काळात मुंबई-पुण्याचा संपादक मजकूर आणि चित्रं शोधत असतो. मराठवाड्यातल्या पोरांनी ही गाठ घालून घ्यायला हवी. दिवाळीच्या तोंडावर पाठवलेलं काही उपयोगाचं नाही. मालिका उन्हाळ्यात, लग्नांच्या मधल्या दिवसांत काढायची, आषाढात निवडायची, श्रावणाच्या आत पाठवायची. वर्षभराच्या रोजच्या कामासाठी वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्या आहेत, लातूरचं 'एकमत', नांदेडचं 'प्रजावाणी' यांच्यासारखी इथलीच दैनिकं आहेत. इथल्या दैनिकात छापून आलेल्या फोटोला कमी लेखू नये. तो फोटोतल्या माणसाच्या गल्लीत पोहोचतो, आणि पुढची ऑर्डर त्याच गल्लीतून येते.

मानधन? बहुतेक ठिकाणी थोडं, काही ठिकाणी फक्त अंकाची प्रत. ते आधी विचारावं. विचारण्यात काही असभ्यपणा नाही, आणि 'प्रसिद्धी मिळेल की' असं उत्तर आलं तर निदान कशासाठी काम करतोय ते कळतं.

काय पाठवायचं

एक सुंदर फोटो पाठवून काही होत नाही. संपादकाकडं सुंदर फोटोंची कमतरता नसते. त्याला पानं भरायची असतात, म्हणजे एका विषयावरचे आठ-दहा चेहरे, जे एकमेकांशेजारी ठेवले की काही सांगतात. विषय जवळ असतो म्हणूनच दिसत नाही. अभ्यासाच्या 'लातूर पॅटर्न'वर इतकं लिहिलं-बोललं गेलं, टॉपरचे चेहरे सगळ्यांना पाठ झाले. पण या हजारो पोरांना दोन वेळा जेवू घालणाऱ्या मेसवाल्या मावशी, खोल्या देणारे घरमालक, रात्री अकराला लायब्ररीबाहेर चहा विकणारा, पहिल्या महिन्यात रडणाऱ्या पोरींना समजावणारी हॉस्टेलची ताई, यांचे चेहरे कुठं छापून आले? जो मुलगा स्वतः त्या मेसमध्ये जेवलाय त्याच्याइतकं हे काम कुणाला जमेल? गंजगोलाईतले हमाल, नांदेडच्या गोदाकाठचे नावाडी, बंद पडलेल्या स्टुडिओचे म्हातारे मालक, किनवटकडच्या आश्रमशाळांतले शिक्षक. प्रत्येक नाव एकेका मालिकेचं आहे.

उलट काही विषय झिजून गेलेत. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाची यात्रा घ्या. मार्गशीर्षात घोडे, गाढवं, उंट, वाघ्या-मुरळी, भटक्यांच्या जातपंचायती, कुस्त्या, लावणी, सगळं एका माळावर. दरवर्षी कॅमेरेवाल्यांची झुंबड उडते आणि दरवर्षी तेच फोटो निघतात: भंडारा उधळलेला, सुरकुत्यांचा चेहरा, विडी ओढणारा म्हातारा. नांदेडच्या शिखांच्या हल्लाबोल मिरवणुकीचंही तसंच. निळ्या पोशाखातला निहंग सगळ्यांकडं आहे. सुरकुत्या आणि रंगीत घागरे म्हणजे पोर्ट्रेट अशी एक समजूत इन्स्टाग्रामनं रुजवली आहे. घोड्याचा सौदा करणाऱ्या दोन माणसांची बोटं रुमालाखाली चाललेली असताना त्यांचे चेहरे कसे निर्विकार असतात, ते टिपायला यात्रेत तीन दिवस मुक्काम करावा लागतो. सकाळी जाऊन संध्याकाळी परतणाऱ्याला सुरकुत्याच मिळणार.

असा मुक्काम इथल्यालाच परवडतो. २०१६ च्या दुष्काळात, एप्रिलमध्ये, मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. देशभरातले कॅमेरे तेव्हा लातूर स्टेशनवर होते. वाघिणीचा फोटो सगळ्यांनी काढला आणि पुढच्या बातमीसाठी सगळे निघून गेले. मुक्कामाला राहिलं कोण? जो इथलाच होता तो. टँकरच्या रांगेत जिला पाहिलं तिच्या घरी त्याला पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी जाता आलं असतं. मुंबईच्या फोटोग्राफरकडं लेन्स चांगली असते, पण त्याला परतीचं तिकीट असतं. इथल्या मुलानं इतरांशी स्पर्धा करायची ती या एका बाबतीत.

चेहऱ्यांसाठीच जागा ठेवणारं एक ठिकाण मुलांनी आवर्जून बघावं: ज्येष्ठ पत्रकार पी. साईनाथ यांनी २० डिसेंबर २०१४ ला सुरू केलेलं 'पारी', म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया. ते मराठीतूनही वाचता येतं. त्यात 'फेसेस' नावाचा उपक्रम आहे, भारतातल्या प्रत्येक जिल्ह्यातून किमान एक स्त्री, एक पुरुष आणि एक लहान मूल यांचे चेहरे जमवण्याचा. कल्पना साधी आहे, पण फोटोबरोबर माणूस कोण, काय करतो, कुठला, हेही तिथं लागतं. नवख्यांसाठी हा उत्तम सराव. आपल्या तालुक्यातले तीन चेहरे या पद्धतीनं काढून, माहिती लिहून बघा. मग कळेल की फोटो पंधरा मिनिटांत होतो आणि त्याखालच्या दोन ओळींना दोन दिवस लागतात.

त्या दोन ओळींवरून नव्वद टक्के मुलं घसरतात असं म्हणायचा मोह होतो. आकडा सोडून देऊ, पण घसरतात खरी. 'कष्टाळू आजी' ही कॅप्शन नव्हे. 'निरागस हास्य' तर मुळीच नव्हे. नाव, वय, गाव-तालुका, काय करतात, फोटो कुठं आणि कधी काढला. नाव त्या माणसाकडूनच लिहून किंवा वाचून पक्कं करावं. गावात 'बाई' म्हणतात ती कागदोपत्री कोण आहे ते विचारावं. ही माहिती फोटोच्या फाइलमध्येच भरून ठेवायची सोय असते, ती वापरली की दहा वर्षांनीही फोटो अनाथ होत नाही.

पाठवायची रीत. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नये, तो दाबून बारीक होतो. डॉक्युमेंट म्हणून किंवा ई-मेलनं, ड्राइव्हनं पाठवावा. मासिकाच्या छपाईला इंचाला ३०० ठिपके धरतात, म्हणजे आठ इंच रुंद छापायचा फोटो किमान २४०० पिक्सेल रुंद हवा. वर्तमानपत्राचं गणित आणखी निराळं आहे. न्यूजप्रिंट शाई पितो, ठिपके पसरतात आणि मोबाइलवर झकास दिसणारा सावळा चेहरा पेपरात काळाठिक्कर येतो. पेपरला द्यायची प्रत वेगळी करावी: सावल्या किंचित उचललेल्या, चेहऱ्याचे मधले रंग थोडे उजळलेले. गोरं करायचं नाही, गाल आणि कानशील यांतला फरक शाईत बुडू नये एवढंच. आपला फोटो छापून आला की तो पेपर मूळ फोटोशेजारी ठेवून बघावा. दोन-चार वेळा केलं की हात बसतो. पत्राला उत्तर आलं नाही तर पंधरवड्यानं एकदा आठवण करावी, दोनदा नाही.

कायद्याचे दोन कागद

आता जरा रुक्ष, पण पालकांनी मुलाबरोबर बसून वाचावं असं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारा. पण कलम १७ मध्ये एक मेख आहे: कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फोटो काढला असेल आणि उलट काही ठरलं नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक पैसे देणारा. म्हणजे लग्नाचे, दवाखान्याचे, फ्लेक्ससाठी काढलेले फोटो, काही लिहून घेतलं नसेल तर, गिऱ्हाइकाचे. ते फोटो आपल्या पेजवर टाकायचे किंवा मासिकाला द्यायचे तर बुकिंगच्या कागदावर तशी ओळ हवी. तोंडी 'टाका की भाऊ' पुरत नाही. मुलीचा साखरपुडा मोडला की तीच माणसं भांडायला येतात.

नावाच्या खात्यातले, स्वतःच्या मनानं काढलेले फोटो मात्र तुमचे. ते मासिकाला देताना हक्क विकू नयेत, एकदा छापण्याची परवानगी द्यावी. हक्क दुसऱ्याच्या नावे करायचा तर कलम १९ नुसार लेखी करार आणि सही लागते. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. ई-मेलमध्ये तीन वाक्यं पुरतात: फोटो कुठल्या अंकासाठी, किती वेळा, आणि श्रेय कोणत्या नावानं. तिसरं वाक्य विसरू नका, लेखाच्या सुरुवातीला सांगितलेल्या फ्लेक्सच्या गर्दीतून बाहेर पडायचं असेल तर.

दुसरा कागद संमतीचा. मोठ्या माणसाचा चेहरा लेखासोबत छापायला त्याचा होकार घ्यावा, जाहिरातीत वापरायला लेखी घ्यावाच. लहान मुलांच्या बाबतीत आई-वडिलांचा. अत्याचारग्रस्त स्त्री किंवा मूल, बालगृहातली मुलं यांची ओळख उघड होईल असा फोटो छापणं हा गुन्हा आहे. चेहरा अर्धा झाकला, पण शाळेचा गणवेश दिसला, तरी ओळख उघड होतेच. एखादा जोशातला मुलगा इथं चुकतो आणि मग निस्तरायला वडिलांना जावं लागतं.

शिक्षण, नोकरी आणि राजाध्यक्षांचं उदाहरण

मराठीत पोर्ट्रेट म्हटलं की गौतम राजाध्यक्षांचं (१९५०–२०११) नाव येतं. लोकांना त्यांचे तारे-तारकांचे फोटो आठवतात, पण पालकांना उपयोगी आहे तो त्यांचा आधीचा काळ. ते मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत. १९७४ मध्ये लिंटास या जाहिरात कंपनीच्या फोटो विभागात गेले. सिनेतारकांचे फोटो त्यांनी १९८० च्या सुमारास काढायला घेतले, आणि नोकरी सोडून पूर्ण वेळ फोटोग्राफीत उतरले ते १९८७ मध्ये. 'फेसेस' हे त्यांचं पुस्तक १९९७ चं, मराठीतलं 'चेहरे' २०१० चं. मधल्या काळात ते 'चंदेरी' या मराठी पाक्षिकाचे संपादकही होते, म्हणजे छापण्याच्या टेबलाची दुसरी बाजू त्यांना ठाऊक होती. दुसरं उदाहरण अकोल्यात जन्मलेल्या सुधारक ओलवे यांचं. मुंबईच्या सफाई कामगारांवरचं त्यांचं काम जगभर गेलं, २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हे काम उभं राहिलं ते वृत्तपत्रात नोकरी करता करता. नोकरी ही कलेची शत्रू असते, हे कुठल्या सिनेमातून आलं कोण जाणे.

शिकायला कुठं जावं? उपयोजित कलेच्या चार वर्षांच्या पदवीत फोटोग्राफी असते. त्यासाठी मुंबईचं सर ज. जी. आहे, छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कला महाविद्यालय आहे. प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि चित्रकला यावी लागते, तेव्हा एलिमेंटरी-इंटरमिजिएट शाळेतच उरकावं. नांदेडकरांना मुंबईपेक्षा निम्म्या अंतरावर हैदराबाद आहे. तिथल्या जवाहरलाल नेहरू वास्तुकला व ललित कला विद्यापीठात फोटोग्राफीचीच बीएफए आहे; बाहेरच्या राज्यातल्या मुलांना जागा किती आणि फी किती हे त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघावं. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात माध्यमांचं शिक्षण आहे, तिथून वर्तमानपत्रांची दारं उघडतात. खासगी संस्थांच्या लाखांच्या फीबद्दल माझं मत विचाराल तर: आधी कुणा चांगल्या फोटोग्राफरच्या हाताखाली दोन सीझन लाइट धरा, कुठलीही साधी पदवी बाजूला चालू ठेवा. लाइट धरता धरता जो कंटाळला त्याची फी वाचली.

कॅमेऱ्याचंही तेच. पहिल्या वर्षी कर्ज नको. जुनी बॉडी, एक ५० मिलिमीटरची लेन्स, घरात खिडकी. मुद्रा योजनेच्या शिशू गटात ५०,००० रुपयांपर्यंतचं कर्ज मिळतं, पण ते ऑर्डरी हातात आल्यावर, हप्ता सीझनच्या कमाईतून बाजूला काढून. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढं जाईपर्यंत सेवा व्यवसायाला जीएसटीची नोंदणी लागत नाही; ती चिंता सध्या बाजूला ठेवायला हरकत नाही.

राहिला मुलींचा प्रश्न, जो आया हळू आवाजात विचारतात: पोरीनं हे करावं का? या भागात त्याचं उत्तर जुनं आहे. नांदेड, लातूर निजामाच्या राज्यात होतं तेव्हा त्या दरबाराचे छायाचित्रकार होते राजा दीनदयाळ. त्यांनी १८९२ मध्ये हैदराबादेत खास स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ काढला. पडदानशीन स्त्रिया पुरुषापुढं बसणार नाहीत हे ओळखून तिथं फोटो काढायला बाईच नेमली होती. आज पडदा नसला तरी नवरीची तयारी, हळद, डोहाळजेवण, बाळंतपणानंतरचे बाळाचे फोटो या कामांना घरच्या बायकांना फोटोग्राफर मुलगीच हवी असते, आणि आपल्या दोन जिल्ह्यांत अशा मुली फारशा नाहीत. रात्रीच्या ऑर्डरीला सोबत कोण, परतीची गाडी कुठली, हे बुकिंग घेतानाच ठरवावं आणि तो खर्च बिलात धरावा. आणखी एक. होमाई व्यारावाला, भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, पुढं पद्मविभूषण. त्यांचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावानं छापून आले. नांदेड-लातूरकडं भावाच्या स्टुडिओत काम करणाऱ्या मुलींचे फोटो आजही भावाच्या वॉटरमार्कनं जातात. तिला कामाला लावणार असाल तर पावतीपुस्तक, बँकेचं खातं आणि फोटोखालचं नाव पहिल्या ऑर्डरीपासून तिचंच असू द्या.